लशीचा मेसेज पुसू नका!

मागच्या शरदात लेकीच्या दवाखान्यातून मोबाइलवर मेसेज आला. मी प्रयोगशाळेच्या गडबडीत होते. जाहिरात समजून तो पुसून टाकला. पुढच्या भेटीत नर्सने विचारले, "फ्लूच्या लशीचा दुसरा डोस राहिलाय. मेसेज मिळाला नाही का?" रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन मी खाली मान घालून उभी!

सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलांना फ्लूची लस प्रथमच देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पहिला आपण आठवणीने देतो, दुसरा राहून जातो.

मग मी थोडे वाचन केले. न्यूयॉर्कमध्ये २०१०-११ च्या हिवाळ्यात नऊ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. ज्यांच्या पालकांना मेसेज गेले, त्यांतल्या ४३.६ टक्के मुलांना फ्लूची लस मिळाली, इतरांत ३९.९ टक्के. फरक लहान वाटेल, पण हजारामागे ती ३७ मुले आहेत. २०१५ साली तिथलाच दुसऱ्या डोसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या लेखी चिठ्ठीवर ५७.१ टक्के मुलांनी दुसरा डोस घेतला, आठवणीच्या मेसेजवर ६६.७ टक्के, आणि डोस का हवा हेही सांगणाऱ्या मेसेजवर ७२.७ टक्के! कारण पटले की पावले वळतात.

आमच्या घरी ते कारण सासूबाईंना पटायला हवे होते. "एकदा ताप येऊन गेला, आता पुन्हा सुई कशाला?" असे त्यांचे म्हणणे. मी मराठीत समजावले: पहिल्या डोसने शरीराला रोगाची ओळख होते, दुसऱ्याने संरक्षण पक्के होते. मग कालनिर्णयवर लाल खूण त्यांनीच केली.

मात्र एक गोष्ट दवाखान्याला ठाऊक नसते, ती म्हणजे आपले भारताचे तिकीट! बाळ सहा ते अकरा महिन्यांचे असेल, तर परदेशप्रवासाआधी गोवराच्या एमएमआर लशीचा एक डोस देतात. तो जादाचा असतो. वर्षाचे झाल्यावरचे नेहमीचे दोन डोस द्यावेच लागतात. त्यासाठी आपोआप मेसेज येईलच असे नाही. तिकीट काढले की डॉक्टरांना आपणच फोन करावा.

आणि मंडळींनो, घर बदलताना फोन नंबरही बदलला असेल, तर दवाखान्यात आजच कळवा. मेसेज आला, तर आजी-आजोबांनाही मराठीत वाचून दाखवा.