शस्त्र कोणाचे, हुकूम कोणाचा?

१९८४ च्या सुरुवातीला निकाराग्वाच्या कोरिंतो, एल ब्लफ आणि पुएर्तो सांदिनो या बंदरांत पाणसुरुंग पेरले गेले. पेरणारे लोक लॅटिन अमेरिकीच होते, पण पगार आणि सूचना अमेरिकेच्या. निकाराग्वाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. या न्यायालयाला अधिकारच नाही, हा अमेरिकेचा आक्षेप फेटाळला गेला, तेव्हा जानेवारी १९८५ मध्ये अमेरिका खटल्यातून उठून गेली. तिच्या अनुपस्थितीत २७ जून १९८६ रोजी निकाल लागला. अध्यक्षस्थानी होते भारताचे न्या. नागेंद्र सिंह.

सुरुंग पेरणे आणि सरकारविरोधी काँट्रा बंडखोरांना शस्त्रे, पैसा व प्रशिक्षण देणे बेकायदा, असे १२ विरुद्ध ३ मतांनी ठरले. जहाजांना सुरुंगांची पूर्वसूचना दिली नाही, या मुद्द्यावर तर खुद्द अमेरिकन न्यायाधीश श्वेबेल यांचेही मत आपल्या देशाच्या विरोधात पडले. निकालाचा एवढा भाग सर्वत्र उद्धृत होतो. खरी मेख पुढे आहे.

काँट्रांनी केलेल्या हत्या आणि अपहरणे अमेरिकेची कृत्ये मानायची का? न्यायालयाने नकार दिला. पैसा पुरवला, शस्त्रे दिली, अगदी लक्ष्ये निवडून दिली, तरी तेवढे पुरेसे नाही. ज्या कारवाईत अत्याचार झाले तिच्यावर त्या सरकारचे ‘प्रभावी नियंत्रण’ होते, हे सिद्ध व्हायला हवे. सुरुंगांच्या बाबतीत ते झाले होते. काँट्रांच्या बाबतीत नाही. (असा हुकूम कोण लेखी देतो?)

सीआयएने काँट्रांसाठी एक पुस्तिका मात्र काढली होती. निवडक न्यायाधीश, पोलीस अधिकारी यांना ‘निष्प्रभ’ कसे करावे, हे तीत सांगितले होते. ती काढून आणि वाटून अमेरिकेने मानवतावादी कायद्याच्या भंगाला उत्तेजन दिले, असे १४ विरुद्ध १ मतांनी ठरले. म्हणजे शिकवणारा दोषी. शिकवणुकीबरहुकूम झालेले खून मात्र त्याच्या खाती नाहीत!

युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने १९९९ मध्ये, तादिच खटल्यात, हा निकष फार कडक ठरवून ‘एकंदर नियंत्रण’ पुरेसे मानले. हेगने ते ऐकले नाही. २००७ मध्ये जुनाच निकष लावून स्रेब्रेनित्साचा वंशसंहार सर्बियाचे कृत्य नसल्याचे ठरवले. तो रोखला नाही आणि दोषींना शिक्षा केली नाही, एवढाच ठपका ठेवला.

निकाराग्वाला भरपाई द्यावी, असेही १९८६ च्या निकालात होते. अंमलबजावणीचा ठराव अमेरिकेने त्याच ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून पाडला. १९९० च्या निवडणुकीत व्हियोलेता चामोरो विजयी झाल्या, आणि १९९१ मध्ये त्यांच्या सरकारने दावा मागे घेतला. भरपाईची रक्कम तोवर ठरलीच नव्हती.