मातीचा बैल बोलका करतो



वारली पाड्यावरचं चार वर्षांचं मूल घरी वारली बोलतं. बालवाडीत पुस्तकी मराठी कानावर पडली की ते गप्प होतं आणि उगाच ‘मठ्ठ’ ठरतं. त्याच्या हाती ओली माती द्या. बैल वळताना बोटांत जोर येतो, तोच पुढे पेन्सिल धरायला लागतो. शिंगं, शेपूट दाखवताना तोंडही उघडतं. ताईंनी आधी त्याचा वारली शब्द घ्यावा, मग मराठी शब्द जोडावा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ मध्ये काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं! रंगवायची छापील पुस्तकं मात्र कृपया पाठवू नका. त्यांत मुलाला स्वतःचं सांगण्यासारखं फारसं उरत नाही. कोरे कागद आणि जाड खडू हवे आहेत.