दोष इंजिनाचा की नौकेचा?

कोकणच्या खाड्यांतून माल आणि माणसे वाहून नेणाऱ्या शिडाच्या लाकडी नौकांनी शतकानुशतके वाऱ्याच्या भरवशावर येथील सागरी जीवन घडविले. स्वातंत्र्यानंतर या नौकांवर डिझेल इंजिने बसविली जाऊ लागली. १९५२ च्या करारानुसार केरळच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणास चालना दिली. महाराष्ट्राच्या बंदरांतही सहकारी संस्थांच्या साहाय्याने हे काम झाले. जुनी लाकडी नौका मोडीत न काढता, कुजलेल्या फळ्या बदलून ती पुन्हा पाण्यात लोटणारे मालक आजही आहेत. मात्र अशा नौकेबाबत एक तक्रार नेहमी ऐकू येते : इंजिन चालते, पण नौका चालत नाही.

ही तक्रार किरकोळ नव्हे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. मागून लाट येत असता तेथे नौकेचा जोर कमी पडला, तर तांडेल आणि खलाशी यांच्या जिवाशी गाठ पडते. अशा वेळी सर्व दोष इंजिनाच्या माथी मारून ते खोलण्यात येते, हजारो रुपये खर्च होतात आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो.

आधी लक्षण, मग उपाय

चाचणी शांत आणि खोल पाण्यात घ्यावी. प्रवाहामुळे फसगत होऊ नये म्हणून तेच अंतर जाताना व येताना मोजून सरासरी काढावी. इंजिन पूर्ण फेरे घेते, पण नौका संथ चालते, असे दिसल्यास जोर पाण्यापर्यंत पोचत नाही, असे समजावे. पंख्याचे पाते मोडलेले असणे, पंखा लहान असणे किंवा गिअर बॉक्समधील क्लच घसरणे ही त्याची कारणे होत. याउलट, इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतच नसेल आणि काळा धूर ओकत असेल, तर त्याच्यावर भार जास्त पडत आहे किंवा त्याला हवा कमी मिळत आहे. इंजिनघराचे झाकण उघडताच फेरे वाढले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. डागडुजीच्या वेळी इंजिनघर पक्के बंद करण्यात आले असल्यास असे हमखास घडते.

पंख्याचे गणित

मोठा पंखा म्हणजे अधिक वेग, हा समज चुकीचा आहे. १८३७ मध्ये लंडनच्या एका कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांच्या प्रायोगिक नौकेचा लाकडी मळसूत्री पंखा अपघातात अर्धा तुटला आणि नौकेचा वेग उलट वाढला. पंखा, इंजिन आणि नौका यांचा मेळ महत्त्वाचा, हाच या घटनेचा धडा होय.

हा मेळ साध्या हिशेबाने तपासता येतो. इंजिनाचे मिनिटाला १,८०० फेरे आणि गिअरचे प्रमाण तीनास एक असल्यास पंखा ६०० वेळा फिरतो. एका फेऱ्यात तो तत्त्वतः ५० सेंटिमीटर पुढे सरकणार असेल, तर वेग ताशी १८ किलोमीटर व्हावयास हवा. पाणी घन नसल्याने काही भाग घसरणीत जातो. नौका ताशी १२ किलोमीटर चालली, तर घसरण एक तृतीयांश झाली. कामाच्या नौकेत ती स्वाभाविक आहे. वेग ८ किलोमीटरच भरला, तर मात्र घसरण निम्म्याहून अधिक होते आणि कारण शोधलेच पाहिजे.

पाण्याखालची बाजू

ते कारण पुष्कळदा पाण्याखाली सापडते. तळाला चिकटलेले शेवाळ व कवचधारी जीव आणि पंख्यात गुंतलेले जाळ्याचे तुकडे नौकेला जखडून ठेवतात. शिडाच्या नौकेत पंख्यापुढे जाड उभे लाकूड असते. डागडुजीत ते नवे घालून कडा चौकोनीच ठेवल्या, तर पंख्याकडे पाणी नीट वाहत नाही आणि नौका थरथरते. या कडा निमुळत्या तासाव्यात. पितळी पंखा गुलाबी दिसू लागला, तर त्यातील जस्त झिजत आहे, असे ओळखावे. संरक्षणासाठी लावलेल्या जस्ताच्या तुकड्यावर रंग देऊ नये. तसेच असे तुकडे वाजवीपेक्षा जास्तही लावू नयेत, कारण त्यामुळे धातूलगतचे लाकूड मऊ पडते.

लाकूड फुगते, शाफ्ट वाकडा चालतो

किनाऱ्यावर सुकलेले लाकूड पाण्यात फुगते आणि नौकेचा आकार किंचित बदलतो. म्हणून जमिनीवर केलेली शाफ्टची जुळणी अंतिम मानू नये. नौका काही दिवस पाण्यात राहिल्यावर कपलिंग सोडून, शाफ्ट पाव-पाव फेरा फिरवीत, दोन्ही तबकड्यांमधील फट फीलर गेजने मोजावी. चार इंच व्यासाच्या कपलिंगमध्ये चारही बाजूंच्या फटींतील फरक सुमारे ०.१ मिलिमीटरच्या आत असावा. शाफ्ट हाताने सहज फिरला पाहिजे. शाफ्टची ग्लँड आवळून पूर्ण कोरडी करण्याचा मोहही टाळावा. पारंपरिक ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पाणी गळणे आवश्यक असते. कोरडी ग्लँड तापते आणि शाफ्टला खाते.

लाटेवर बंद पडणारे इंजिन

धक्क्याला बांधलेल्या नौकेत सुरळीत चालणारे इंजिन भर समुद्रात बंद पडते, याचे कारण बहुधा इंधनाच्या टाकीत असते. नौका डोलू लागताच तळाचा गाळ आणि पाणी ढवळून नळीत शिरते. म्हणून जुनी टाकी आतून धुवावी, तळाचे पाणी काढावे, फिल्टर बदलावा आणि नळीतील हवा काढून टाकावी. इंजिन तापत असल्यास समुद्राचे पाणी आत घेणारी जाळी प्रथम साफ करावी.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी, पुन्हा चाचणी घ्यावी आणि फेरे, वेग व धुराचा रंग वहीत टिपून ठेवावा. या वहीसाठी चार आण्यांचाही खर्च नाही, म्हटले तरी चालेल. पण तीमुळे अनावश्यक खर्च टळतो. आणि दुरुस्त केलेल्या नौकेवरही शीड व दोर सज्ज ठेवावेत. दांड्यावर इंजिनाने साथ सोडली, तर वाडवडिलांचा वारा अद्याप हाताशी असतो.