देवाच्या घरची माणसं

आष्टी तालुक्यातल्या माणसाला दवाखाना कुठला म्हणून विचारा, तो नगर म्हणेल. लग्नाचा बस्ता नगरला, पोरांचं कॉलेज नगरला. जिल्हा बीड, पण पाय वळतात ते नगरकडे. आमच्या घरात ख्रिस्त आला तोही त्याच वाटेनं. तिकडे गेवराईकडच्या लोकांना गोदावरी ओलांडली की जालना. बीडवर तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि मिशनची दोन जुनी ठाणी आमच्या दोन बाजूंना होती, एक इंग्रजांच्या मुलखात नगरला आणि एक निजामाच्याच हद्दीत जालन्याला. बीड जिल्ह्यातल्या आम्हा मूठभर ख्रिस्ती लोकांची हकिगत या दोन शेजाऱ्यांना सोडून सांगताच येत नाही.

पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलं की तुम्ही आता परके आणि उपरे राहिला नाहीत, देवाच्या घरातले झालात. हे मी लहानपणापासून उपासनेत ऐकत आले. साठी उलटल्यावर मात्र मनात येऊ लागलं, की या घरात आम्हाला घेतलं कुणी, कधी आणि कसं? आणि आत आल्यावर आम्ही कुणाकुणाला घेतलं?

मागे जायचं तर मी १८४३ पर्यंत जाते. मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. पोर लहान, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं त्याला आईबापांच्या स्वाधीन केलं. पण घर मिळूनही घर मिळालं नाही. मुलगा मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत उभे दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं या बाजूनं उभे राहिले आणि त्यापायी लोकांचा रोष त्यांनी सोसला. त्या पोराला कुणी विचारलं नाही, की तू कुणाला मानतोस. त्यानं कुणाच्या हातचं खाल्लं, एवढ्यावर सगळा वाद चालला होता. आपल्याकडे माणूस कुणाचा हे ताटावर ठरतं. ही खूणगाठ बांधूनच मी पुढचा काळ पाहते.

थोरला भाऊ नारायण पुढे जालन्याला आला. १८६० च्या दशकात त्यानं तिथं काम सुरू केलं. त्याच्याकडे आलेले बहुतेक मातंग समाजातले, गावकुसाबाहेरचे. त्यांच्यासाठी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यानं जालन्याजवळ एक गावच वसवलं आणि त्याला नाव दिलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत हा माणूस जाऊन बोलून आला, तरी त्याची खरी पुंजी जालन्याच्या त्या मातीतच होती. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानत त्यांना स्वतःची गल्ली मिळाली, स्वतःचं चर्च मिळालं. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

पण बेथेलचा विचार केला की मन थोडं अडखळतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला वेगळं गाव मिळालं. जुन्या गावाचं कूस होतं तिथंच राहिलं. नगरला तेच झालं, मिशन कंपाउंड नावानं. शाळा, बोर्डिंग, दवाखाना, मास्तरांची घरं, सगळं एका भिंतीच्या आत. माझी आजी अशाच बोर्डिंगात चार इयत्ता शिकली. कंपाउंड हा शब्द ती अशा मायेनं उच्चारायची, जणू ते तिचं माहेरच. उन्हाळ्यात गावी आली की मात्र तिला पुन्हा विहिरीच्या कडेला उभं राहून, कुणी पोहरा ओतील याची वाट पाहावी लागे. घागर जमिनीवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. वरून पाणी पडायचं, निम्मं घागरीत, निम्मं मातीत. ती सांगायची, की मातीत गेलेल्या पाण्याकडे बघत मी मनात म्हणायची, तिकडे मी देवाची लेक आहे.

नगरचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ च्या डिसेंबरात सुरू झालं. त्याचा सगळा इतिहास इथं उगाळत बसत नाही. दोनच गोष्टी सांगते. एक, त्या मिशननं गाणं आपलंसं केलं. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, चिपळ्या-मृदंगासकट. ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, तिथल्या माणसाच्या गळ्याखाली ओवी आणि अभंगच उतरतो. परक्या चालीवर देव बाप वाटत नाही, साहेब वाटतो. दुसरी गोष्ट म्हणजे नगरला १८९५ नंतर नारायण वामन टिळक आले.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. मला मात्र या मागोव्यात त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. १८५७ नंतर आजोबांना फाशी झालेली, आणि त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं वाढलेलं की बाजारातून आलेला जिन्नससुद्धा धुऊन घ्यायचा. त्या घरची ही लेक. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं ताटातूट. मग नवऱ्याजवळ येऊन राहिल्या, त्याही आपलं पाणी वेगळं आणि चूल वेगळी ठेवून. नवरा देवाच्या घरात आणि बायको उंबऱ्यावर. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सगळा प्रवास त्यांनी काही न लपवता लिहिला. त्यांचं मन कुणाच्या प्रवचनानं बदललं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, हा विचार त्या एकट्याच करत बसल्या आणि उत्तर सापडल्यावर कुणाच्याही हातचं खायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी ताट बदललं, मग पाणी डोक्यावर आलं. आमच्याकडे कितीतरी जणांचा क्रम उलटा झाला. बाप्तिस्मा आधी झाला आणि ताट बदलायचं राहूनच गेलं.

टिळकांच्या नगरच्या घरात पोरक्या, बेघर मुलांची कायम वर्दळ असे. बालकवी ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. देवाचं कुटुंब म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या घराकडे बोट दाखवीन. प्लेगच्या दिवसांत लोक सख्ख्यांना टाकून जात असताना लक्ष्मीबाई आजाऱ्यांजवळ बसल्या, हेही त्याच घराचं.

टिळकांना कंपाउंडची भिंत खुपत होती. मिशनरी मायबाप आणि आम्ही त्यांची लेकरं, या नात्यात मराठी ख्रिस्ती माणूस आपल्याच लोकांना परका होतो आणि वयानं वाढूनही पोरच राहतो, हे त्यांनी ओळखलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्तशिष्य होते आणि न घेतलेलेही. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही त्या दरबारात भाऊ. ९ मे १९१९ ला टिळक गेले आणि दरबार फार दिवस तगला नाही. तो फसला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. आपल्या मंडळ्यांनी तो पेलला नाही, एवढंच म्हणता येईल.

पुढची साठेक वर्षं पटकन सांगते. दुष्काळ आले, मिशनचा पैसा आटला, खेड्यातल्या मास्तरांच्या शाळा एकेक करून बंद पडल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि आम्ही भारताचे नागरिक झालो. १९७० मध्ये नगरकडच्या आमच्या मंडळ्या उत्तर भारतीय मंडळीत सामील झाल्या. १९७७ मध्ये कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत झाला, बीड त्यात गेलं. वरच्या पाट्या बदलल्या, खाली माणसं तीच.

पण १० ऑगस्ट १९५० च्या एका आदेशानं आमच्या घरांत जी फट पाडली ती अजून बुजलेली नाही. अनुसूचित जातीचा म्हणून गणलं जायचं तर माणूस हिंदू हवा, असं त्या आदेशानं ठरवलं. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तसाच भोगावा लागतो हे दाखवून द्या. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला.

हे आमच्या घरात कसं उतरलं ते सांगते. माझ्या वडिलांनी शाळेच्या फॉर्ममध्ये माझ्या नावापुढे ख्रिश्चन लिहिलं. चुलत्यांनी त्यांच्या मुलाच्या दाखल्यावर हिंदू महार राहू दिलं. आम्ही दोघं एकाच अंगणात वाढलो, एकाच बाकावर उपासनेला बसलो. चुलतभावाला शिष्यवृत्ती मिळाली. मला खिडकीपलीकडच्या माणसानं विचारलं, “ख्रिश्चन ना तू? मग तुला जात कुठली?” त्याच दिवशी गावात हॉटेलवर माझ्यासाठी कप वेगळा होता, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आत्याच्या घरानं १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म स्वीकारला होता. म्हणजे एका भावकीत तीन घरं आणि तीन कागद. मंडळीतल्या काहींनी चुलत्यांना नावं ठेवली, विश्वासात कच्चा म्हणाले. मीसुद्धा तेव्हा मनातून तेच म्हणत होते. आज त्याची मला लाज वाटते. पोराचं शिक्षण आणि प्रभूचं नाव यांतलं एक निवड, असं बापाला सांगणारा कागदच चुकीचा आहे. चुलते मरेपर्यंत रोज पहाटे उठून गुडघ्यावर येत. आजीनं कधी कुणाला दाखला विचारला नाही. सणाला तिन्ही घरची पोरं एका ओळीत बसवायची आणि वाढायला कडेच्या पोरापासून सुरुवात करायची, मग ते कुणाचंही असो.

दोष सरकारच्या माथी मारून मला सुटता येणार नाही. मंडळीत सोयरीक ठरताना आजही हळूच विचारतात, मूळचे कोण? महारातून आलेली मंडळी आणि मांगातून आलेली मंडळी प्रभुभोजनाला एका प्याल्याशी येतात, आणि लेकी देताना दोन वाटांनी जातात. हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. देवाच्या घरात आपण चुली वेगळ्या ठेवल्या. लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी मोडली ती चूल आपण पुन्हा मांडली.

आता आजचं. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेले कोयते मुकादमाच्या मागं निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यात आमचीही घरं आहेत. म्हणजे त्यांचा नाताळ दर वर्षी फडावर. काही वर्षांपूर्वी मी आमच्या पाळकांबरोबर सातारा जिल्ह्यातल्या एका फडावर गेले होते. ज्या साताऱ्यात टिळकांनी दरबार मांडला तोच हा जिल्हा, हे मला वाटेतच आठवलं. दहा-बारा कोप्या, त्यांतल्या दोन आमच्या. एका कोपीच्या दाराला कामट्यांची चांदणी बांधली होती, पतंगाचा कागद लावून, आत मोबाइलची बॅटरी. दिवसभर मोळ्या वाहून बायांच्या माना अवघडलेल्या. पाचटावर बसून पाळकांनी लुकाच्या शुभवर्तमानातला ख्रिस्तजन्म वाचला. शेजारच्या कोपीतली वंजाऱ्याची बाई घागर घेऊन आली आणि कुणी न सांगता सगळ्यांना पाणी देत गेली, आधी आमच्या पोरांना. बौद्ध घरातल्या पोरांनी शिऱ्याची परात मधे ओढली. प्रार्थना दहा मिनिटांची झाली, कारण ट्रक आला होता आणि मुकादम गाडी भरायला हाका मारत होता. मी त्या घागरीकडे पाहत राहिले. आजी घागर खाली ठेवून दोन पावलं मागे सरायची, ते आठवलं.

जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांना माझी एक विनंती आहे. नाताळचं प्रीतिभोजन आपण २५ डिसेंबरला करतो तेव्हा आपलीच कितीतरी माणसं फडावर असतात. यंदापासून ते दुसऱ्यांदा करा, टोळ्या परतल्यावर, ईस्टरच्या आसपास. पंगत चर्चच्या आत नको, बाहेर अंगणात बसवा. आपल्या कोयत्यांबरोबर त्यांच्या टोळीतल्या सगळ्यांना आवतण द्या, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही. वाढायला कडेच्या पोरापासून सुरुवात करा.