चष्म्याचे दुकान आणि पदवीधराची नोकरी

कला शाखेची पदवी हाती आली की पुढे काय, हा प्रश्न महागावसारख्या तालुक्याच्या गावी दरवर्षी नव्याने उभा राहतो. शिक्षकी पेशा, तलाठ्याची परीक्षा, पोलीसभरती, आणि काहीच न जमल्यास घरची कापूस-सोयाबीनची शेती. येथे आपली यादी संपते. चष्म्याचे दुकान या यादीत सहसा कोणी धरीत नाही.

अशा दुकानांची साखळी आपल्याकडे नवी नाही. ‘लॉरेन्स अँड मेयो’ ही पेढी १८७७ पासून भारतात आहे. २००७ मध्ये टायटन कंपनी या धंद्यात उतरली. २०१० मध्ये निघालेल्या ‘लेन्सकार्ट’ने आधी इंटरनेटवरून चष्मे विकले, मग दुकाने थाटली, ती आज देशात दोन हजारांवर आहेत. घरबसल्या चष्मा मागवता येत असूनही दुकान लागतेच, ही गंमतच म्हणायची!

मात्र या विस्तारातून रोजगार नेमका कोणाला मिळतो? नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टची पदवी बारावी विज्ञाननंतरची, चार वर्षांची. ती वाट आपल्याला बंद. आपल्या वाट्याला येतो तो विक्रीचा गल्ला: चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम सुचवणे, दोन बाहुल्यांमधले अंतर मोजणे, गिऱ्हाइकाला त्याच्या बोलीत समजावणे. हे शेवटचे काम सोपे नाही, आणि भाषेच्या विद्यार्थ्याला ते चांगले साधावे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्वी काच घासून फ्रेमीत बसवणारा कारागीर दुकानातच असे. साखळीत हे काम दूरच्या कारखान्यात होते. लेन्सकार्टचा मोठा कारखाना राजस्थानातील भिवाडीला आहे. तेव्हा नव्या पाटीमागची प्रत्येक नोकरी नवीच असते असे नाही. काही नुसत्या जागा बदलतात.

खरी वाढ होईल ती चष्मा कधीच न लावलेल्यांमुळे. आसामातील चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन प्रयोग झाला. २०१८ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची उत्पादकता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. सुईत दोरा ओवताना चाचपडणारे शिंपी आपल्याकडे काय कमी आहेत?

नोकरी धरताना एक चौकशी अवश्य करावी. पाटीवर नाव कंपनीचे असले तरी पुष्कळदा दुकान फ्रँचायझी घेतलेल्या व्यापाऱ्याचे असते. नेमणूकपत्रावर सही कोणाची आणि भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.