कुंपणावरची घाणेरी
२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते. आमच्या अंगणातली फुलझाडे वाळली. तगली ती कुंपणाची घाणेरी. तिची काळी-जांभळी फळे खायला बुलबुल येत, म्हणून ती मला प्रिय होती. पण ही मूळची अमेरिका खंडातली. १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली. पाखरांच्या विष्ठेतून तिचे बी रानात पडते. तिच्या जाळीखाली गवत दबते. गुरांनी पाला खाल्लाच तर कावीळ होते, उन्हाने कातडी सोलते. माझ्या बुलबुलांची मेजवानी कुणाच्या तरी गायरानाच्या मुळावर येत होती. आता त्या जागी करवंद लावली आहे. तीही कमी पाण्यावर जगते, काटेरी कुंपण होते, पाखरांना फळे मिळतात. आणि बी रानात गेले तरी ते इथलेच.