वेढ्यातली भूक

न्यूरेंबर्ग येथे ऑक्टोबर १९४८ मध्ये तीन अमेरिकन न्यायाधीशांनी जर्मन सैन्यातील तेरा उच्चाधिकाऱ्यांच्या खटल्याचा निकाल दिला. त्या निकालपत्रातील लेनिनग्राडच्या वेढ्यासंबंधीचा मजकूर वाचताना आजही मन विषण्ण होते. फील्डमार्शल फॉन लेब हा वेढ्याच्या प्रारंभी जर्मनीच्या उत्तरेकडील सेनासमूहाचा अधिपती होता. भुकेने व्याकूळ होऊन शहराबाहेर पडू पाहणाऱ्या नागरिकांवर तोफा डागून त्यांस परत आत लोटावे, आणि हा मारा आपल्या फळीपासून इतक्या दूरवर करावा की पायदळाच्या शिपायांवर नागरिकांना गोळ्या घालण्याचा प्रसंग शक्यतो येऊ नये, अशा आशयाचा हुकूम त्याच्या सैन्यात निघाला होता. तो लेबला ठाऊक होता आणि त्याची त्यास संमती होती, हे न्यायासनाने शाबीत धरले. तरीही ह्या आरोपातून त्यास मुक्त करण्यात आले. कायदा निराळा असता तर बरे झाले असते, परंतु तो जसा आहे तसाच आम्हांस लावला पाहिजे, अशी कबुली न्यायाधीशांनी त्या ठिकाणी दिली आहे. दुसऱ्या एका आरोपाखाली लेबला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि तितका काळ तो आधीच कैदेत असल्यामुळे तो सुटला.

ज्या कृत्याबद्दल कायद्याला शब्द सापडला नाही, ते कृत्य काय होते? ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राडचे खुष्कीचे सारे मार्ग तोडले आणि त्याच दिवशी बॉम्बवर्षावात शहरातील बादायेव नावाची अन्नकोठारे जळून गेली. २० नोव्हेंबरपासून कारकून, आश्रित आणि लहान मुले ह्यांच्या वाट्यास दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येऊ लागला, आणि त्या पावातही पेंड व लाकडाचा लगदा ह्यांचा भरणा वाढत गेला. लादोगा सरोवर गोठल्यावर त्याच्या बर्फावरून मालमोटारी धान्य आणू लागल्या. परंतु तो हिवाळा लाखोंच्या जिवावर बेतला. वनस्पतिशास्त्राच्या एका संस्थेत जगभरातून जमविलेल्या बियाण्यांचा अमोल संग्रह होता. त्याची राखण करणारे काही शास्त्रज्ञ तांदळाच्या आणि शेंगदाण्याच्या पिशव्या समोर असताना उपासाने मेले, पण पुढच्या पिढ्यांच्या पेरणीसाठी ठेवलेल्या त्या दाण्यांना त्यांनी हात लावला नाही. ८७२ दिवसांनी, २७ जानेवारी १९४४ रोजी, वेढा उठला. न्यूरेंबर्गच्या पहिल्या खटल्यात मृतांचा आकडा ६,३२,२५३ असा मांडला गेला. पुढील इतिहासकार तो ह्याहून पुष्कळ मोठा मानतात.

लेबच्या सुटकेचे मूळ पाहावयाचे तर मागे, अमेरिकन यादवीच्या काळात जावे लागते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात फ्रान्सिस लीबर नावाचे मूळचे जर्मन प्राध्यापक होते. तरुणपणी नेपोलियनविरुद्धच्या लढाईत ते स्वतः जखमी झाले होते, आणि यादवीत त्यांचा एक मुलगा दक्षिणेच्या बाजूने लढताना मेला, तर दुसऱ्याने उत्तरेच्या बाजूने लढताना हात गमावला. ह्या माणसास युद्धाची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी तयार केलेली नियमावली लिंकनच्या सरकारने एप्रिल १८६३ मध्ये आपल्या सैन्यास लागू केली, आणि पुढील युद्धविषयक करारांचा ती पाया ठरली. कैद्यांस छळू नये, निःशस्त्र रयतेस शक्य तितके वाचवावे, असे तीत आहे. परंतु सशस्त्र असो वा निःशस्त्र, शत्रूस उपाशी मारणे कायदेशीर आहे, आणि वेढलेल्या ठाण्याच्या सरदाराने खाणारी तोंडे कमी करण्यासाठी नागरिकांस बाहेर काढले तर शरणागती लवकर यावी म्हणून त्यांस परत आत हाकलणेही, कठोर असले तरी, कायदेशीर आहे, असेही तीत स्पष्ट म्हटले आहे. न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांसमोर आधार होता तो ह्याच परंपरेचा.

मला मात्र येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. उपासमारीने शरणागती लवकर येते, एवढेच त्या जुन्या नियमाचे समर्थन होते. लेनिनग्राडने शरणागती देऊ केली तरी ती स्वीकारू नये, असे हिटलरने १९४१ च्या शरद ऋतूतच ठरविले होते. ज्या वेढ्यात शरण येण्यास मज्जाव आहे, त्या वेढ्यात भूक हे युद्धाचे साधन न राहता केवळ संहाराचे साधन होते, आणि तेथे जुन्या नियमाचा आधार घेता येत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

रसद तोडणे म्हणजे काय, हे मराठी वाचकास परक्या देशाच्या उदाहरणावरून समजावून सांगावे लागत नाही. पानिपतावर अब्दालीने दाणावैरणीच्या वाटा बंद केल्या तेव्हा छावणीत लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि व्यापारी हजारोंनी अडकले होते, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली ती उपाशी पोटाने. न लढणाऱ्या ह्या माणसांस आपण ‘बुणगे’ म्हणत आलो. ह्या शब्दात त्यांच्याविषयीची जी तुच्छता आहे, तीच जगातील युद्धशास्त्राने शतकानुशतके बाळगली.

लेबच्या निकालानंतर वर्षाच्या आत, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, चौथा जिनिव्हा करार झाला. केवळ नागरिकांच्या रक्षणासाठी झालेला हा पहिला सर्वमान्य करार. वेढलेल्या जागेतून जखमी, आजारी, वृद्ध, मुले आणि बाळंतिणी ह्यांस बाहेर काढण्यासाठी दोन्ही पक्षांनी स्थानिक समझोता करण्याचा प्रयत्न करावा, असे त्याचे १७ वे कलम सांगते. ह्यातील ‘प्रयत्न करावा’ हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. पंधरा वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रिया ह्यांच्यासाठी अत्यावश्यक अन्न जाऊ द्यावे, असे २३ वे कलम म्हणते, पण त्यापासून शत्रूस लष्करी फायदा होण्याची रास्त भीती असेल तर ते अडविण्याची मुभाही देते. सोळा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या आजीने काय खावे, ह्यावर ते कलम मुके आहे.

ही उणीव भरून निघण्यास आणखी एक उपासमार व्हावी लागली. नायजेरियाच्या यादवीत, १९६७ ते १९७० ह्या काळात, फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांताची नाकेबंदी झाली आणि पोटे फुगलेल्या मुलांची छायाचित्रे जगभर गेली. पुढे ८ जून १९७७ रोजी जिनिव्हा करारांना पूरक असे जे दोन करारनामे संमत झाले, त्यांतील पहिल्याच्या ५४ व्या कलमाने नागरिकांची उपासमार ही युद्धपद्धती म्हणून निःसंदिग्धपणे निषिद्ध ठरविली. उभी पिके, गुरेढोरे, पिण्याच्या पाण्याची साधने आणि पाटबंधारे ह्यांचा नाश ह्या हेतूने करू नये, असेही बंधन घातले. दुसऱ्या करारनाम्याने हाच नियम यादवी युद्धासही लावला. वेढा घालणे आजही बेकायदा नाही, आणि शत्रूच्या शिपायांची रसद तोडणेही नाही. पण वस्तीत शिपाई मिसळले आहेत म्हणून वस्तीचे नागरिकपण नष्ट होत नाही, हे पहिल्या करारनाम्यातच लिहून ठेवले आहे. उपासमारीचे समर्थन करणाऱ्या प्रत्येक सेनापतीचा पहिला युक्तिवाद नेमका हाच असतो की आत लढणारे लपले आहेत. त्यास उत्तर १९७७ मध्येच दिले गेले.

१९९८ च्या रोम करारनाम्याने नागरिकांची हेतुपुरस्सर उपासमार हा युद्धगुन्हा ठरविला. यादवी युद्धापुरती ही तरतूद होण्यास मात्र २०१९ साल उजाडले. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये गाझातील युद्धासंबंधात इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू व माजी संरक्षणमंत्री गॅलंट ह्यांच्याविरुद्ध जी अटक-फर्माने काढली, त्यांत हाही आरोप आहे. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु उपासमारीच्या आरोपावरून त्या न्यायालयाने काढलेली ही पहिलीच फर्माने होत.

आपल्या देशाने १९४९ चे करार १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० साली संसदेने त्यांच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र कायदा केला. १९७७ चे पूरक करारनामे आणि रोमचा करारनामा भारताने स्वीकारलेले नाहीत. १९६० च्या कायद्यान्वये ज्या गंभीर उल्लंघनांस शिक्षा आहे, त्यांच्या यादीत हेतुपूर्वक ठार मारणे आहे, छळ आहे, ओलीस धरणे आहे. उपासमारीचे नाव नाही. ते नाव घालण्यासाठी कोणत्याही परक्या राजधानीत सही करावयास जाण्याचे कारण नाही, संसदेची एक दुरुस्ती पुरेशी आहे. ती दुरुस्ती संसदेने करावी.